तुरुंगाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातल्या तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ च्या अखेरीस भारतात १,३३० तुरुंग होते आणि त्यांत ५,७३,२२० माणसे होती. या सगळ्या तुरुंगांची मिळून मंजूर क्षमता होती ४,३६,२६६. आत असलेल्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अजून संपलेले नव्हते. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की एक विलक्षण गोष्ट दिसते. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी आपले तुरुंग जवळपास भरलेलेच असते.

तुरुंग म्हणजे गुन्हेगारांना शिक्षा भोगायला ठेवण्याची जागा, हे आपण धरूनच चालतो. हे आकडे सांगतात की आपल्याकडे तुरुंग मुख्यत्वे वाट पाहण्याची जागा झाला आहे. दर चारांतले तीन जण तिथे न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत बसलेले असतात.

मराठी वाचकाला तुरुंगाची ओळख झाली ती ग्रंथांमधून. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेला लिहिले गेले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. या थोर माणसांमुळे तुरुंगाभोवती एक तेज आले. पण आजचा सामान्य बंदी असा नसतो. बहुसंख्य बंदी दहावीच्या आत शाळा सुटलेले, हातावर पोट असलेले असतात. त्यांच्यासाठी वकील धावत येत नाही आणि वर्तमानपत्रात त्यांचे नाव छापून येत नाही. तुरुंगाची यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायचे, तर अशाच माणसाच्या मागे चालत जायला हवे.

दारापर्यंतची वाट

पोलिसांनी कुणाला अटक केली, की प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातला हा हक्क आहे. दंडाधिकारी त्याला सोडू शकतात, पोलीस कोठडीत देऊ शकतात किंवा न्यायालयीन कोठडीत पाठवू शकतात. पोलीस कोठडी म्हणजे चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात राहणे, आणि ती सहसा एकूण पंधरा दिवसांपलीकडे देता येत नाही. न्यायालयीन कोठडी मिळाली की आरोपीची रवानगी तुरुंगात होते. बोलीभाषेत आपण त्याला कच्चा कैदी म्हणतो, कारागृहाच्या दप्तरात तो न्यायाधीन बंदी असतो.

तपास किती दिवसांत संपवायचा यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी) किंवा यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी) यांसारख्या कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. आरोपपत्र दाखल झाले, की खटला किती दिवसांत संपावा याला मात्र अशी कडक मुदत उरत नाही. पुढची सारी लांबण तिथे सुरू होते. साक्षीदार येत नाहीत, सरकारी वकील बदलतात, न्यायाधीशांची बदली होते आणि तारखेवर तारीख पडते.

तारखेचीही एक गोम आहे. बंद्याला न्यायालयात नेण्याचे काम कारागृहाचे कर्मचारी करत नाहीत, त्यासाठी पोलिसांचा बंदोबस्त लागतो. गणेशोत्सव, निवडणूक किंवा मोठ्या सभेसाठी पोलीस दुसरीकडे गुंतले, तर बंद्याला न्यायला कुणी येत नाही आणि त्याची तारीख वाया जाते. आता दृक्‌श्राव्य यंत्रणेमुळे अनेक तारखा तुरुंगातूनच होतात. त्यामुळे खेप वाचते, पण न्यायाधीशांसमोर उभे राहून दोन शब्द बोलण्याची आणि न्यायालयाच्या आवारात वकिलाला गाठण्याची संधीही जाते.

२०२२ च्या अखेरीस पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याच्या निकालाविना अडकलेल्यांची संख्या देशभरात अकरा हजारांच्या वर होती. हा प्रश्न नवा नाही. १९७९ च्या जानेवारीत के. एफ. रुस्तुमजी या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याने बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख लिहिले. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त वर्षे आत काढलेली माणसे त्यांनी पाहिली होती. त्या लेखांच्या आधारे वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘हुसैनारा खातून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की लवकर खटला चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. हजारो माणसे त्यामुळे सुटली.

पुढे कायद्यातही तरतूद आली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ४७९ व्या कलमानुसार, आरोप असलेल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या बंद्याला जामिनावर सोडता येते. तो पूर्वी कधीच दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरेसा आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकापेक्षा अधिक खटले चालू असलेल्यांनाही हा लाभ मिळत नाही. या कलमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. ज्या बंद्याला आपला हक्क ठाऊकच नाही, त्याच्या वतीने तुरुंगानेच दार ठोठावावे, अशी ही रचना आहे. ती नीट राबवली, तर तिचा उपयोग फार मोठा आहे.

जामीन मिळूनही आत

जामीन मंजूर होणे आणि तुरुंगातून बाहेर पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. मधे पैसा आणि माणूस उभा असतो. न्यायालय बहुधा ठरावीक रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार मागते. जामीनदाराला शिधापत्रिका, पगाराची पावती, सातबारा किंवा तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला दाखवावा लागतो. बिहार किंवा मराठवाड्यातून मुंबईत मजुरीला आलेल्या माणसाने असा जामीनदार कुठून आणायचा? ज्यांच्यात तो राहतो, तेही भाड्याच्या खोलीतले मजूरच असतात. मग पंधरा हजारांच्या जामिनापायी माणूस महिनोन्‌महिने आत राहतो, आणि त्याच आरोपातला ऐपतवाला माणूस त्याच संध्याकाळी घरी जेवतो.

१९७८ मध्येच ‘मोतीराम’ प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या अन्यायावर बोट ठेवले होते. एका गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याने आणलेला जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारलाही होता. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम हजारावर आणली आणि जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. तरी रीत बदलायला वेळ लागतो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सविस्तर आदेश द्यावा लागला. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाला जावी. सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा.

त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब बंद्यांना साहाय्य देणारी योजना आणली. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत, आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद तेव्हा केली गेली. जिल्हा पातळीवरची समिती प्रकरण तपासते. पण अशा योजनेचा कागद बंद्यापर्यंत नेणारा, त्याचा पत्ता शोधणारा, गावाकडे फोन करणारा कुणी तरी लागतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो आहे. त्याचे समाजकार्यकर्ते बंद्यांशी बोलतात, घरच्यांना शोधतात आणि वकिलाशी गाठ घालून देतात. कायद्याने उघडलेल्या दारापर्यंत माणसाला हाताला धरून नेणारे असे कार्यकर्ते प्रत्येक जिल्हा कारागृहात असायला हवेत.

आतला दिवस

आता आत जाऊ. तुरुंग हा संविधानाच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात ‘कारागृह व सुधारसेवा’ हा गृह खात्याखालचा विभाग आहे आणि त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. येरवडा, मुंबईचे आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, कोल्हापूरचे कळंबा, छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल, अमरावती आणि नागपूर ही आपली मोठी मध्यवर्ती कारागृहे. त्यांखेरीज जिल्हा कारागृहे, भायखळ्याचे महिला कारागृह आणि खुली कारागृहे आहेत.

नव्या बंद्याचे वॉरंट आधी तपासले जाते, कारण त्या कागदाशिवाय कुणालाही आत घेता येत नाही. मग अंगावरच्या खुणा नोंदवतात, पैसे आणि वस्तू जमा करून घेतात, वैद्यकीय तपासणी होते. अंगावर मारहाणीच्या खुणा आढळल्या, तर त्या इथेच नोंदल्या जायला हव्यात. पोलीस कोठडीत काय घडले याचा तो पहिला तटस्थ पुरावा असतो. त्यानंतर वर्गवारी होते. स्त्रिया आणि पुरुष, तरुण आणि प्रौढ, कच्चे आणि पक्के कैदी यांना वेगळे ठेवावे, असे १८९४ च्या कारागृह कायद्यानेच सांगितले. मोबाइल चोरल्याचा आरोप असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सराईत टोळीच्या शेजारी झोपू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे. बराकीत क्षमतेच्या तिप्पट-चौपट माणसे झाली, की हाच विचार आधी बाजूला पडतो. आर्थर रोडच्या तुरुंगाने अशी गर्दी वर्षानुवर्षे सोसली आहे. तिथे झोपायला वाट्याला येणारी जागा वीतभर असते, आणि ती कुणाला मिळेल हे बराकीतला दादा ठरवू लागतो. गर्दीमुळे सत्ता अशी अधिकाऱ्याच्या हातून निसटून बलवान बंद्याकडे जाते.

सकाळी बराकी उघडतात, मोजदाद होते, चहा-नाश्ता मिळतो. दुपारचे जेवण सकाळी उशिरा आणि रात्रीचे जेवण संध्याकाळीच वाटले जाते, कारण दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पुन्हा मोजून आत घ्यायचे असते. मुलाखतीच्या दिवशी घरचे भेटतात. घरून मनीऑर्डरने आलेल्या पैशांतून कॅन्टीनमधून साबण, बिस्किटे घेता येतात. कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालू शकतो आणि त्याच्यावर कामाची सक्ती नसते. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला मात्र काम करावे लागते.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, शेती आणि बेकरी चालते. नाशिकच्या तुरुंगातले बंदी गणेशमूर्ती घडवतात. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू बनले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले, की बंद्याच्या कामाला रास्त मजुरी द्यायला हवी. प्रत्यक्षात २०२३ मध्ये वाढ झाल्यावरही महाराष्ट्रात कुशल कामाची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आतच होती. तरी या तुटपुंज्या मजुरीलाही अर्थ आहे. राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. बंद्याच्या तुरुंगातल्या कमाईवर त्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. घरातला कमावता माणूस आत गेला, की शिक्षा त्याच्या मुलांना आणि म्हाताऱ्या आईबापांनाही होते. मुलीची फी किंवा आईचे औषध आतून पाठवता आले, तर घराशी असलेला धागा तुटत नाही. ज्याचे घर टिकते, त्याला बाहेर आल्यावर जायला ठिकाण असते.

आईबरोबर आत आलेल्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०२२ च्या अखेरीस देशभरात १,७६४ मुले आईसोबत तुरुंगात राहत होती. २००६ च्या ‘आर. डी. उपाध्याय’ निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याला बंदी म्हणून वागवायचे नाही, आणि त्याच्या आहाराची, पाळणाघराची, शिक्षणाची सोय करायची. सहा वर्षांनंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. आई आणि मूल यांची ही ताटातूट कोणत्याही न्यायाधीशाने शिक्षा म्हणून सुनावलेली नसते.

हक्क भिंतीच्या आतही

तुरुंगवासाची शिक्षा म्हणजे काय हिरावून घेणे? फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते. आणखी काय काय जाते, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वारंवार आला, आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल एका मराठी पुस्तकामुळे लागला. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध केले होते. आत असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध लिहिलेले नाहीत, ते सरकारला लादता येणार नाहीत. कणभौतिकीवरच्या पुस्तकाने देशाच्या सुरक्षेला धोका पोचत नाही.

हाच विचार पुढे रुंदावला. तिहारमधल्या सुनील बत्रा यांच्या १९७८ च्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या बंद्यालाही एकांतकोठडीत डांबून ठेवण्याला न्यायालयाने मज्जाव केला. त्याच बत्रांनी दुसऱ्या एका बंद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९८३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून स्त्रियांसाठी वेगळ्या पोलीस कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा असावा, असे निर्देश आले. बंद्यांच्या हक्कांचा आपल्याकडचा इतिहास असा बराचसा पत्रांतून घडला. त्या काळी पोस्टकार्डाइतकी स्वस्त वाट दुसरी नव्हती.

यातला अलीकडचा एक मोठा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्या वाचल्या, तेव्हा त्यांना दिसले की जातीनुसार कामाची वाटणी तिथे चक्क नियमांत लिहिलेली आहे. स्वयंपाक ‘वरच्या’ जातींकडे आणि सफाई विशिष्ट जातींकडे. सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. ज्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्याकडे आजही सराईत म्हणून पाहण्याच्या रीतीवरही न्यायालयाने प्रहार केला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आहे. पण असा शिक्का बसलेल्या महाराष्ट्रातल्या पारध्यांच्या वस्तीत जाऊन विचारले, की चोरी झाल्यावर पोलीस आधी कुणाकडे येतात, तर उत्तर आजही तेच मिळते. समाजातली जात तुरुंगाच्या दाराशी थांबत नाही, म्हणून संविधानानेही तिथे थांबून चालत नाही.

बाहेर येण्याच्या वाटा

शिक्षा झाल्यावर किती दिवस आत राहायचे, हे न्यायाधीश ठरवतात असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. चांगली वागणूक, नेमून दिलेले काम, शिक्षण यांवर बंद्याला माफीचे दिवस मिळतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी तुरुंगातून घेणारे अनेक आहेत, आणि अभ्यासाचीही माफीत गणना होते.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज खोटा आहे. १९६१ च्या गोपाळ गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. चौदा वर्षांचा आकडा येतो तो वेगळ्या कलमातून. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकार मुदतपूर्व सोडू शकत नाही. चौदा ही किमान मर्यादा झाली. त्यानंतरही सुटका आपोआप होत नाही. अधीक्षकाचा प्रस्ताव, पोलिसांचा आणि न्यायाधीशांचा अभिप्राय, गुन्ह्याची वर्गवारी, असे टप्पे पार करून फाइल शासनाकडे जाते. कित्येकदा ती तिथेच रेंगाळते.

शिक्षेच्या काळात थोड्या दिवसांसाठी घरी जाण्याच्या दोन वाटा आहेत. महाराष्ट्रात त्यांना संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात. लोक फर्लो आणि पॅरोल म्हणतात. दोन्हींचे नियम मूळ १९५९ चे आहेत. संचित रजा घरच्यांशी संबंध टिकावेत म्हणून ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळते, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी असते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. एखादा कुप्रसिद्ध बंदी रजेवरून पळाला, की रजाच बंद करा अशी ओरड होते. पण रजेवर जाऊन वेळेवर परत आलेल्यांची बातमी कधी छापली जात नाही. दहा वर्षे आत असलेल्या माणसाला एकदम बाहेर सोडण्यापेक्षा दर वर्षी काही दिवस घरी पाठवणे, हे समाजाच्याही हिताचे आहे. तो बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकतो, आणि तो कसा वागतो हे शासनालाही कळते.

विश्वासाची ही कल्पना महाराष्ट्राच्याच मातीत फार आधी रुजली. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात ती उभी राहिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा तो प्रयोग होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय ठेवायचे, शेती करू द्यायची, कुटुंबासह राहू द्यायचे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकरांचे गाव आटपाडीच्याच शेजारचे. पैठण आणि येरवड्यातही खुली कारागृहे आहेत. राजस्थानात सांगानेरला तर बंदी कुटुंबासह राहून बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. अशा ठिकाणी पहारा कमी लागतो, खर्च कमी होतो आणि बंदी स्वतःच्या कमाईवर जगतो. तरी देशातल्या एकूण बंद्यांपैकी फारच थोडे खुल्या कारागृहांत आहेत.

तुरुंगाला पर्याय

आणखी एक वाट आहे, जी तुरुंगाच्या दारापर्यंत जातच नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्यानुसार न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवूनही, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी पाठवू शकतात. परिविक्षा अधिकारी त्याच्यावर देखरेख ठेवतो, भेटतो, काम शोधायला मदत करतो. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आणली आहे. या वाटा वापरायला न्यायाधीशांना विश्वास वाटला पाहिजे, की देखरेख करणारा माणूस खरोखर आहे. परिविक्षा अधिकारी अपुरे असतील, तर न्यायाधीश तुरुंगाचाच मार्ग धरतील, कारण तुरुंग नेहमीच उपलब्ध असतो.

तुरुंगातही मनुष्यबळाची हीच कथा आहे. देशभरात कारागृहातल्या मंजूर पदांपैकी चतुर्थांशाहून अधिक रिकामी आहेत. एकेका शिपायावर शेकडो बंद्यांचा भार पडला, की त्याच्याकडे मोजदाद करण्यापुरताच वेळ उरतो, सुधारणेची भाषा कागदावर राहते. तुरुंगाने माणूस सुधारावा, हे इंग्रज सरकारच्याच १९१९-२० च्या समितीने सांगितले होते. १९८०-८३ च्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने तेच अधिक नेटाने मांडले, आणि २०२३ मध्ये केंद्राने १८९४ च्या कायद्याऐवजी नवा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. शंभर वर्षे आपण हे जाणतो आहोत. ज्ञानाची उणीव कधीच नव्हती.

इच्छा असली की काय घडते, हे २०२० मध्ये दिसले. मार्चमध्ये करोनाच्या भीतीने सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली. महाराष्ट्रात हजारो बंदी तात्पुरत्या जामिनावर किंवा आकस्मिक अभिवचन रजेवर घरी गेले. त्यासाठी नवी भिंत बांधावी लागली नाही की नवा कायदा करावा लागला नाही. जी माणसे काही महिने बाहेर राहिल्याने समाजाचे काही बिघडले नाही, ती एरवी आत का होती, हा प्रश्न त्या काळाने आपल्यापुढे ठेवला आणि आपण तो विसरून गेलो.

म्हणून तुरुंगातली गर्दी कमी करायची तर नवा तुरुंग बांधणे हा पहिला उपाय होऊ शकत नाही. बराकीच्या किल्ल्या अधीक्षकाकडे असल्या, तरी माणूस किती दिवस आत राहणार हे ठरवणाऱ्या किल्ल्या बाहेर आहेत. त्या तपास अधिकाऱ्याकडे, दंडाधिकाऱ्यांकडे, बंदोबस्ताच्या पोलिसांकडे, जामीनदाराच्या सातबाऱ्यात आणि मंत्रालयातल्या फाइलीत आहेत. त्यांतली एक किल्ली आपल्याकडेही आहे. आत गेलेला जवळपास प्रत्येक माणूस एक दिवस बाहेर येतो आणि आपल्याच गल्लीत, आपल्याच गावात राहायला लागतो. त्याला कुणी खोली भाड्याने देत नाही, कारखाना चारित्र्याचा दाखला मागतो, मुलीचे लग्न मोडते. निर्दोष सुटलेल्यालाही हेच भोगावे लागते, कारण आपण अटकेलाच निकाल समजतो. निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष आहे हे कायद्याचे तत्त्व आपल्या वागण्यात उतरले, आणि शिक्षा भोगून आलेल्याला काम देणारे चार हात प्रत्येक गावात पुढे आले, तर पुन्हा तुरुंगात परतणारी माणसे कमी होतील. हे काम कोणत्याही सरकारी विभागाच्या आधी आपण सुरू करू शकतो, आणि ते आपण केले पाहिजे.